बोट माझं, संमती त्यांची

‘मोबाईलच्या धंद्यातले गमतीदार अनुभव’ असा विषय संपादकांनी मला दिला आहे. गमतीदार अनुभव माझ्याकडे भरपूर आहेत. वरणाच्या गंजात पडलेला फोन आहे. भिजलेला फोन तांदळात ठेवा असं सांगितल्यावर तो तांदळासकट कुकरला लावणाऱ्या आजीबाई आहेत. ‘बॅटरी उतरली, थोडं तेल घालून द्या’ म्हणणारे गृहस्थ आहेत. हे सगळं मी लग्नाकार्यात पंगत उठेपर्यंत सांगत असतो आणि लोक हसतात. पण सत्तरी ओलांडली की आपण हसण्यावारी नेलेल्या गोष्टी परत येऊन उंबऱ्यावर बसतात. आज त्यांतली एक घरात घेतो आहे. संपादकांना गंमत कमी वाटली तर त्यांनी चित्रं वाढवावीत.

वर्ध्याच्या बाजारात आमचं मोबाईलचं दुकान. आधी तिथे माझे वडील घड्याळं आणि रेडिओ विकायचे. तो इतिहास मी गाळतो, कारण घड्याळानं कधी कुणाचा विश्वासघात केला नाही, फार तर मागे पडलं.

दुकानात नवा फोन घेतला की तो चालू करून देण्याचा मान माझा असे. गिऱ्हाईक म्हणायचं, “काकाच्याच हातानं चालू करा, हात चांगला हाय त्याइचा.” डब्याचं सील गिऱ्हाइकानं फोडायचं, फोनला कुंकवाचं बोट त्याच्या बायकोनं लावायचं आणि पुढचं सगळं मी. कुंकू चार्जिंगच्या भोकात जाऊ नये म्हणून मी आधी त्यावर चिकटपट्टी लावायचो. गिऱ्हाइकाच्या हिताची तेवढी काळजी मी नक्की घेत होतो.

‘पुढचं सगळं’ म्हणजे काय, ते सांगतो. नवा फोन पहिल्यांदा चालू केला की तो एकामागून एक पानं दाखवतो. भाषा कोणती? अटी मान्य आहेत का? तुमची माहिती कंपनीला पाठवायची का? तुमच्या आवडीच्या जाहिराती दाखवायच्या का? फोन कुलूपबंद असताना स्क्रीनवर ‘रोज नवं काही’ पाहायला आवडेल का? प्रत्येक पानाखाली ‘मान्य आहे’ हे बटण मोठं, निळं, नेमकं अंगठ्याखाली येईल असं. ‘नको’ हा शब्द करड्या रंगात, कोपऱ्यात, चोरासारखा उभा. काही पानांवर तर होकाराच्या खुणा आधीच करून ठेवलेल्या. मांडवात अक्षता हातात घेतल्यावर नवरीला ‘मुलगा पसंत आहे ना’ विचारावं, तसं ते विचारणं. ही सगळी पानं मी कपातला चहा निवायच्या आत पार करत असे. गिऱ्हाईक कौतुकानं बघायचं. त्याला वाटायचं, काका काहीतरी अवघड काम करून राहिले. काका त्याच्या वतीनं ज्यांना तो ओळखत नाही अशा सगळ्यांना होकार देत होते.

आता आधीच भरून आलेल्या अ‍ॅपांविषयी. फोन इतका स्वस्त कसा, असं मला कुणी विचारत नसे. स्वस्त वस्तूचं कारण विचारायची आपल्याकडे पद्धत नाही, महाग असली तरच विचारतात. कारण असं, की कंपनी फोन तुम्हाला विकते आणि त्यातली जागा दुसऱ्यांना भाड्यानं देते. घर तुम्ही विकत घ्यायचं, भाडेकरू आधीच आत बसलेले आणि भाडं मात्र बांधणाऱ्याला. त्यांना बाहेर काढायला जा, काही निघतात. काही निघत नाहीत. काही निघाल्यासारखं करतात आणि फोन अपडेट झाला की पुन्हा ओसरीवर येऊन पाय पसरतात.

यात दुकानदाराला काय? दुकानदारासाठी योजना असे. त्यात नुसता विकलेला फोन मोजला जात नव्हता. सगळे होकार देऊन चालू केलेला आणि पुढे तसाच राहिलेला फोन मोजला जायचा. एका वर्षी त्या योजनेत मी बँकॉकला जाऊन आलो. तिथे मी आणि यवतमाळचे एक दुकानदार असे दोघं मिळून वरणभात शोधत फिरलो. परत आल्यावर बाजारात माझा सत्कार झाला. सत्कारात बोलणारा म्हणाला की काकांनी ग्राहकांचा विश्वास कमावला. कमावला हा शब्द त्यानं अगदी बरोबर वापरला.

सगळीच गिऱ्हाइकं गप्प बसत नसत. अल्लीपूरचे नामदेवराव फोन घेऊन गेले आणि आठवड्यानं परत आले. कापूस पिकवणारा आणि बाजारात भांडून विकणारा माणूस. त्यांनी डबा आणि फोन काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.

“काका, डब्यावर बत्तीस जीबी लिवलं हाय. भाचा म्हणते आत अठराच खाली हाय. बाकीचं कुठी गेलं?”

“कंपनीची अ‍ॅपं असतात आत, नामदेवराव. त्यांनी जागा घेतली.”

“मी मांगतली होती का?”

“नाही, पण ती सोबतच येतात. फुकट असतात.”

“फुकट कशी? माह्या जागेत बसली ना.”

मी हसलो. ते हसले नाहीत. कापसात ओल आहे, कचरा आहे असं म्हणून व्यापारी वजनातून जो भाग आधीच कापून घेतो, त्याला कडता म्हणतात. नामदेवरावांचं सगळं आयुष्य कडत्याशी भांडण्यात गेलेलं.

“व्यापारी कडता कापते, पन माह्या तोंडावर कापते,” ते म्हणाले. “मले त्याच्याशी भांडता येते. तुमचा कडता तं डब्यात सील होऊनच येते. भांडू कोनाशी? तुमच्याशी?”

“माझ्याशी भांडून काय उपयोग, मी तर साधा दुकानदार.”

“व्यापारीबी असंच म्हणते.”

शेवटी त्यांनी दोन पर्याय दिले. अ‍ॅपं काढून द्या, नाही तर त्यांचं भाडं मला द्या. मला दोन्ही जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी त्यांना फुकट इअरफोन दिला. त्यांनी तो कानाला लावून पाहिला आणि विचारलं, “यातूनबी कंपनीच बोलते का?”

दुसरे होते एक निवृत्त मुख्याध्यापक. दुकानात सगळे त्यांना गुरुजी म्हणत. फोन चालू करायला मी हात पुढे केला तर ते म्हणाले, “थांबा. मी वाचल्याशिवाय मान्य करत नाही.” माझ्या सबंध धंद्यात हे वाक्य म्हणणारा तो एकच माणूस. त्यांना स्टूल दिलं. ते सकाळी बसले, फोन चार्जरला लावून वाचत राहिले. मधूनच एखादं वाक्य मोठ्यानं वाचायचे आणि वर्गात विचारावं तसं मला विचारायचे.

“‘आमच्या निवडक भागीदारांसोबत’ म्हणजे कोणासोबत?”

“ते माहीत नाही, गुरुजी.”

“तुम्ही विकता आणि तुम्हाला माहीत नाही?”

“मी डबा विकतो, गुरुजी.”

दुपारी ते अशा कलमापाशी पोचले, की या अटी कंपनी केव्हाही बदलू शकते. त्यांनी चष्मा काढला. “मग मी सकाळपासून वाचलं ते काय होतं?” एवढं बोलून त्यांनी कोपऱ्यातला तो करडा शब्द दाबला. फोननं शांतपणे कळवलं की मान्य नसेल तर पुढे जाता येणार नाही. गुरुजींनी पैसे परत मागितले. मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ही पाटी लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी होती आणि दोघींना आम्ही रोज सारख्याच भक्तिभावानं उदबत्ती दाखवत होतो. गुरुजी म्हणाले, “अशी पाटी लावणंच गैर आहे. सदोष माल परत घेणं तुम्हाला नाकारता येत नाही.” ते खरं होतं, मला ठाऊकही होतं. पण पाटी सुबक अक्षरात रंगवलेली असली की कायद्यासारखी दिसते.

गुरुजी फोन घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. बाहेरदेशी असलेली नात व्हिडिओ कॉल करणार होती. त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “तुम्हीच दाबा. मी बघत नाही.” आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी फटाफट दाबून मोकळा झालो. तेव्हा मला विजय मिळाल्यासारखं वाटलं होतं. आता कळतं, माणूस अटी मान्य करतो तो कंपनीकडे पाहून नाही. पलीकडे कुणाचं तरी तोंड दिसणार असतं म्हणून करतो.

हे दोघं आपापल्या परीनं माझ्याशी लढून गेले. अर्चनाला लढायची संधीसुद्धा मी ठेवली नाही.

अर्चना आंजी (मोठी)ची सून. घरची शेती. नवरा प्रमोद शेती सांभाळून वर्ध्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला. अर्चना गावातल्या बचत गटांचं काम पाहायची. सभा घेणं, हिशेब लावणं, फोटो काढून वर पाठवणं. त्या कामाला स्मार्टफोन लागतोच, म्हणून तिनं स्वतःच्या मानधनातून आमच्याकडून घेतला. सासरे भाऊराव सोबत आले होते. सुनेला गावभर फिरायचं काम कशाला, असं लोक म्हणत असताना त्यांनी तिला परवानगी दिली होती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. “माही सून हिशोबात पक्की हाय,” असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी फोन चालू करून दिला. नेहमीसारखा.

काही महिन्यांनी गावातल्या समाजमंदिरात गटाची सभा चालू होती. अर्चनाचा फोन सतरंजीवर हजेरीपटाशेजारी ठेवलेला. कुणी हात लावला नव्हता. तो आपोआप उजळला. कुलूपबंद स्क्रीनवर ‘रोज नवं काही’ आलं होतं. त्या दिवशीचं नवं काही म्हणजे अंगावर नावाला कपडे असलेली एक बाई आणि खाली मराठीत ओळ, की तुमच्या जवळपासच्या एकट्या स्त्रिया तुमची वाट पाहत आहेत. सगळ्या बायकांनी पाहिलं. आधी एक हसली, मग सगळ्या हसल्या. अर्चना घरी पोचण्याआधी गोष्ट घरी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी भाऊराव तिला घेऊन दुकानात आले. प्रमोद पायरीवर उभा होता. नेमके त्याच वेळी कंपनीचे साहेब दुकानात होते. आम्हाला दिव्यांची मोठी पाटी मिळणार होती आणि ते जागेचं माप घ्यायला आले होते. काउंटरपाशी एक जोडपं लेकीसाठी फोन पसंत करत होतं. अर्चनाच्या फोनचंच मॉडेल. हे सगळं मी माझ्या बचावासाठी सांगत नाही. ज्याला बचाव म्हणता येईल तो किती टीचभर होता, ते दिसावं म्हणून सांगतो.

भाऊरावांनी फोन काउंटरवर ठेवला. आवाज खाली होता.

“काका, तुमी यातले जाणकार. मले येवढंच सांगा. असं चित्र आपोआप येते, का कोनी पाह्यते म्हणून येते?”

‘आपोआप येते.’ दोन शब्द होते. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब पंख्याकडे पाहत होते. जोडपं माझ्याकडे पाहत होतं.

“भाऊराव,” मी म्हणालो, “फोन म्हणजे आरसा. समोर जे धराल तेच तो दाखवतो.”

वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं. साहेबांना फार आवडलं. भाऊरावांचं तोंड एवढंसं झालं.

अर्चना म्हणाली, “काका, मी यातलं काईच नाई दाबलं. चालू तं तुमीच करून देल्ला होता.”

“चालू करून दिला, बाई. पुढे कोण काय बघतं ते मला कसं कळणार?”

ती रडली नाही, भांडली नाही. “बरं,” म्हणाली. भाऊरावांनी फोन उचलून आपल्या बंडीच्या खिशात घातला. प्रमोद एक शब्द बोलला नाही. ते गेले. जोडप्यानं फोन घेतला. मी तो चालू करून दिला.

अर्चनाचं काम गेलं. फोनशिवाय ते होण्यासारखं नव्हतं, आणि ‘तसलं पाहणारी’ म्हणून नाव झाल्यावर तिच्या हाती हिशेब द्यायला गटातल्या बायका तयार नव्हत्या. दुसरी नेमली गेली. माझं वाक्य मात्र कामाला लागलं. आंजीत ते म्हणीसारखं चालू लागलं. पानठेल्यावरची पोरं तिला पाहून एकमेकांना आरसा मागू लागली. हे मला दुकानातच येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून कळत होतं. मी ‘अरेरे’ म्हणायचो आणि कव्हर दाखवायचो.

पुढे मी दुकानात बसणं सोडलं. नितीन, माझा मुलगा, दुकान पाहू लागला. आम्ही वर्ध्याला लागूनच सिंदी मेघेला राहतो. तिथल्या बगिच्यात सकाळी आम्ही म्हातारे बाकांवर बसतो. नितीननं मला त्याच कंपनीचा नवा फोन दिला होता आणि मी तो स्वतः चालू केला होता. प्रत्येक पानावर ‘मान्य आहे’. हाताला दुसरं वळणच नव्हतं. एक दिवस नातवाचा फोटो दाखवायला मी फोन शेजारच्या वानखडेंच्या हातात दिला. फोटोआधी भलतंच दिसलं. वानखडेंनी ते नीट, चष्मा सावरून पाहिलं आणि फोन परत देत म्हणाले, “बाप्पा. या वयात? तिकडे आंजीकडचे म्हणतात ते खोटं नाई बुवा. फोन म्हणजे आरसा.”

बाकावरचे सगळे हसले. मी पोटतिडकीनं सांगू लागलो की हे आपोआप येतं, कंपनी पाठवते, मी काही केलेलं नाही. जितकं समजावत गेलो तितके ते जास्त हसले. घरी आलो तर गोष्ट घरी पोचली होती. सूनबाईनं चहा दिला, पण नेहमीसारखी समोर बसली नाही. मी पुरुष, म्हातारा, त्या धंद्यातला जाणकार. माझी ही गत. मग अर्चनाची काय झाली असेल, हा हिशेब मला त्या दिवशी पहिल्यांदा करता आला. एवढा साधा हिशेब, पण स्वतःवर आल्याशिवाय जमला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुकानाला नोटीस आली. अर्चनानं जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली होती. कंपनी आणि आम्ही, दोघांवर. बऱ्याच लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो, ही तक्रार वकिलाशिवायही करता येते, फक्त दोन वर्षांच्या आत करावी लागते. तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. न मागितलेली अ‍ॅपं दिली, ती काढायची सोय दिली नाही, काय येणार ते सांगितलं नाही. आणि शेवटी मागणी. कंपनीचे वकील दुकानात आले तेव्हा त्या मागणीवर हसले. ‘ही चित्रं माझ्यामुळे येत नव्हती, असं विक्रेत्यानं आमच्या गावात येऊन सांगावं.’ नुकसानभरपाईच्या जागी एवढंच.

वकिलांचा बचाव तयार होता. ग्राहकानं स्वतः सर्व अटी वाचून, स्वतःच्या संमतीनं मान्य केल्या. दुकानानंही तेच म्हणायचं.

मी म्हणालो, “तिनं नाही केल्या. मी केल्या. बोट माझं होतं.”

वकिलांनी नितीनकडे पाहिलं. नितीन म्हणाला, “बाबा, सगळ्या बाजारात असंच करतात.”

“म्हणूनच सांगतो.”

“एजन्सी जाईल. मग त्या बाईकडे जाऊन जेवायचं का आपण?”

त्याचं चुकत नव्हतं. धंदा त्याला मीच शिकवला होता. संध्याकाळी अर्चनाला फोन केला. तिच्याकडे आता बटणांचा साधा फोन होता.

“तू लिहिलंस ते मी करतो,” मी म्हणालो. “आयोगानं सांगायची वाट पाहत नाही.”

ती म्हणाली, “मंगळवारी गटाची सभा राह्यते. समाजमंदिरात या. मामाजीलेबी बोलावते.”

मी गेलो. सतरंजीवर गटाच्या बायका, खुर्चीवर भाऊराव, दाराला टेकून प्रमोद. अर्चना भिंतीपाशी बसली होती. तिचं काम आता जिच्याकडे होतं ती हजेरी घेत होती. मी उभ्यानंच सांगितलं. चित्रं कंपनी पाठवते. फोन चालू करताना मी तिला न विचारता होकार दिला, म्हणून ती येत होती. तिनं काही पाहिलं नव्हतं, काही दाबलं नव्हतं. आरसा वगैरे मी बनवून बोललो होतो, कारण मला माल विकायचा होता.

मग गयाबाई म्हणून एक वयस्क बाई होत्या, त्यांनी विचारलं, “म्हणजे, ज्याच्या फोनात येते त्याचा दोष नाई?”

“नाही.”

“पक्कं?”

“पक्कं, बाई.”

गयाबाईंनी कमरेची पिशवी सोडली, रुमालात गुंडाळलेला फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. “मंग माहा पाहा बरं. मी तं याले कवाचीच उलटा ठेवून राह्यली.”

तेव्हा माझं लक्ष गेलं. सतरंजीवर जितके फोन होते तितके सगळे पालथे होते. मांडीवरचे, पदराखालचे, पिशवीवरचे. आंजीच्या बायका झाकण असलेली कव्हरं फार मागायच्या आणि मला वाटायचं, इकडच्या बायका वस्तू जपून वापरतात. एकीनं फोन सुलटा केला, मग दुसरीनं. तिसरी हजेरी घेणारी होती. तिनंही केला. अर्चनावर त्या दिवशी सगळ्यांत आधी हसली ती हीच. खाली पाहत म्हणाली, “आमी हासलो तवा आमचाच जीव धाकधुक करून राह्यला होता. म्हटलं, आता आपला उजेड पडला तं?”

मी सतरंजीवर बसलो आणि एकेक फोन घेऊन ते ‘रोज नवं काही’ कुठून बंद करायचं ते जिच्या तिच्या बोटानं करून घेतलं. काही बंद झालं. काही झालं नाही. जे झालं नाही ते झालं नाही असंच सांगितलं. धंद्यात असतो तर एवढं सांगितलं नसतं.

अर्चना आता दाराकडे पाहत म्हणाली, “तुमचाबी द्या काकाले.”

प्रमोद म्हणाला, “माह्यात काई नाई येत.”

“द्या तं खरं.”

त्यानं दिला. आमच्याच दुकानातला होता. अर्चनाच्याही आधी घेतलेला, त्याच कंपनीचा, माझ्याच हातानं चालू केलेला. मी बाजूचं बटण दाबलं. स्क्रीन माझ्याकडे होता. मला एकट्यालाच दिसत होतं.

“काका,” प्रमोद हळूच म्हणाला. गिऱ्हाईक भाव करताना म्हणतं, तसं.

हे आवाज मला चांगले कळतात. समोरच्याची अब्रू राखणारं एखादं गोल वाक्य मला त्याही क्षणी सुचलं होतं. सुचणं काही थांबत नाही.

“यातही येतं,” मी म्हणालो. “आणि पहिल्या दिवसापासून येत असणार.”

भाऊरावांनी हात पुढे केला. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग मुलाकडे पाहिलं.

“तुले माईत होतं.”

प्रमोदची नजर उंबऱ्यावर होती. “मले वाटलं, मी बोललो तं मलेबी तसंच म्हणतीन.”

समाजमंदिरात त्यानंतर कुणी हसलं नाही. भाऊराव उठले, सुनेसमोर जाऊन उभे राहिले. अर्चनानंच त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. “बसा, मामाजी,” म्हणाली. क्षमेचं काही ती बोलली नाही. त्यांनाही नाही आणि मलाही नाही. काम परत मिळेल असं तिथे कुणी म्हणालं नाही, कारण ते काम करणारीही गरजूच होती. एवढं मी बिघडवलेलं, माझ्या बोलण्यानं काही सगळं दुरुस्त होणार नव्हतं.

मी चपला घालत होतो तेव्हा ती बाहेर आली.

“काका, तक्रार मी वापस घेणार नाई.”

“नको घेऊस.”

“तथी आयोगात कंपनीचा वकील राहीन.”

“राहील.”

“मंग तथीबी असंच बोलजा. बोट कोनाचं होतं ते सांगजा.”

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आयोगातली तारीख तोंडावर आलेली असेल. नितीन माझ्याशी कामापुरतं बोलतो. दिव्यांची पाटी कंपनी काढून नेणार, असं ऐकतो. वकिलांनी त्याच्याकडून निरोप पाठवला आहे की मी फार ताण घेऊ नये, वय झालं आहे, फोन नेमका कोणी चालू केला ते आता आठवत नाही एवढं म्हटलं तरी काम भागेल. सोय चांगली आहे. म्हणूनच संपादकांना गमतीदार अनुभव न देता हे दिलं. एकदा छापून आलं की मला विसरता येणार नाही.